शोकातल्या लेकरांजवळ बसणार कोण?

गटारात गुदमरून सफाई कामगार मरतो तेव्हा चळवळ रस्त्यावर उतरते. उतरलीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. तरी ती हातात पडेपर्यंत घरच्यांच्या चपला झिजतात. आपण निवेदनं देतो, मोर्चे काढतो, जलदान विधीला उभे राहतो. पण त्या घरातल्या नऊ वर्षांच्या पोराला काय सांगतो? "रडू नको, आता तूच घरातला कर्ता." म्हणजे बाप गेला आणि बालपणही आपणच काढून घेतलं.

आम्ही विहारात दर रविवारी अशा मुलांचा गट घेतो. एक मुलगा सहा रविवार गप्प होता. सातव्या रविवारी एक मुलगी म्हणाली, "मी शाळेत सांगते, पप्पा ॲक्सिडेंटमध्ये गेले." तो लगेच बोलला, "मी पण." बाप गेल्याचं दुःख आहेच, वर तो कसा गेला हे लपवण्याचं ओझं. ही लाज त्या लेकरांची नाही. जातीने ती त्यांच्या डोक्यावर ठेवली आहे. अशा वेळी आपल्या भाषणापेक्षा त्यांना तो "मी पण" हवा असतो.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये किसा गोतमीची कथा घेतली आहे. बुद्धांनी तिला आधी उपदेश केला नाही, घरोघरी पाठवलं. जिथे कुणी मेलं नाही असं एकही घर तिला सापडलं नाही. आपलं दुःख एकट्याचं नाही, हे तिला स्वतःला कळलं. गटातही हेच घडतं.

काहीजण म्हणतील, हे मानसतज्ज्ञांचं काम. उपचार त्यांचंच काम आहे. मूल जीव द्यायची भाषा करू लागलं, तर त्याच दिवशी त्यांच्याकडे न्यायचं. पण जवळ बसायला पदवी लागत नाही, थोडं प्रशिक्षण लागतं. ठरल्या वेळी यायचं. "बाबा गावाला गेले" असं खोटं सांगायचं नाही. मेले म्हणजे परत येणार नाहीत, हे मायेने सांगायचं. बोलायची सक्ती नाही, ऐकलेलं बाहेर नेायचं नाही, फोटो तर काढायचेच नाहीत. आणि दोन महिन्यांत कंटाळून सोडायचं नाही. त्या मुलांनी एकदा सोडून जाणं पाहिलं आहे.

मित्रांनो, जयंतीला आपल्याकडे शेकडो हात असतात. आठवड्याचे दोन तास देणारे चार हात प्रत्येक वस्तीत हवेत. भरपाईची लढाई सोडायची नाही; पण चेकवर सही झाली म्हणून लेकराचं दुःख मिटलं, असं समजायचं नाही.

जय भीम!