भीती लहरींची नको, वाफेची बाळगा



मायक्रोवेव्हमधले अन्न किरणोत्सारी होते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे चुकीचे आहे. त्यातील २,४५० मेगाहर्ट्झच्या लहरी अन्नातले पाण्याचे रेणू हलवून उष्णता निर्माण करतात. बटण बंद होताच लहरीही थांबतात. अन्नात काही उरत नाही.

खरे धोके वेगळे आहेत. कवचासकट ठेवलेले अंडे फुटते. स्टीलच्या डब्यामुळे ठिणग्या उडू शकतात. जास्त तापलेले पाणी उकळी न दिसताच हातावर उसळते. बाटली कोमट लागली तरी आतले दूध बाळाचे तोंड भाजू शकते. दार नीट बसत नसेल, तर दुरुस्तीपर्यंत वापर थांबवावा.

आष्टीतील वाचकांना विनंती : मायक्रोवेव्ह जरूर घ्या, पण आधी घरातले अर्थिंग तपासून घ्या.

– एक गृहिणी, आष्टी (जि. बीड)