"कट कसा आहे?" "राऊंड कट, सर!"

गेल्या शनिवारी साखरपुड्याची अंगठी घ्यायला मी, आई आणि ही (म्हणजे अजून 'ही' व्हायचीये, पण असो) असे तिघं एका चकाचक दुकानात गेलो होतो. सेल्समनने ट्रेमध्ये दोन हिरे ठेवले. एक ०.५० कॅरेटचा, दुसरा ०.४६ चा. "सर, हा पूर्ण अर्धा कॅरेट. तो जरा कमीच." मी विचारलं, "कट कसा आहे?" उत्तर आलं, "राऊंड कट, सर!"

च्यायला! राऊंड हा आकार झाला. मी विचारत होतो की पैलू कसे पाडलेत. पगारातून वर्षभर साठवलेले पैसे घेऊन माणूस समोर बसलाय आणि विकणाऱ्याला प्रश्नच कळत नाही. किंवा कळतो, पण कळून घ्यायचा नसतो.

मंडळी, मुद्दा साधा आहे. रंग, स्वच्छता आणि कच्च्या खड्याचं वजन निसर्ग ठरवतो. कट माणूस ठरवतो. आणि हिरा चमकतो तो मुख्यतः कटमुळे. बारावीचं फिजिक्स आठवा. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, म्हणजे क्रांतिक कोन साधारण २४.४ अंश. वरून शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर त्याहून मोठ्या कोनात आदळला तर पूर्ण परावर्तित होऊन पुन्हा वर येतो. कोन चुकले की तो खालून किंवा बाजूने गळतो. हिरा फार खोल असेल तर मधोमध काळपट दिसतो, फार उथळ असेल तर माशाच्या डोळ्यासारखा निर्जीव. मार्सेल टॉल्कोव्स्की नावाच्या इंजिनिअरने हे गणित १९१९ सालीच मांडलं होतं: खालच्या पैलूंचा कोन ४०.७५ अंश, वरच्यांचा ३४.५. आज याच्या आसपासचे इतरही कोन उत्तम मानतात, पण तत्त्व तेच.

मग वाईट कट येतो कुठून? कारागिराला जमत नाही म्हणून? अजिबात नाही. जगातले बहुतेक हिरे आपल्या शेजारच्या सुरतेत घडतात आणि तिथले हात बिनतोड आहेत. पण गोल हिरा घडवताना कच्च्या खड्याचं साधारण निम्मं वजन उडून जातं. त्यात अर्धा कॅरेट, एक कॅरेट असे आकडे ओलांडले की दर कॅरेटमागचा भाव एकदम उडी मारतो. मग ०.४६ चा सुरेख हिरा निघण्याऐवजी पोट वाढवून ०.५० चा काढला जातो. ते जास्तीचं वजन खाली दडलेलं असतं. अंगठीत ते दिसत नाही, बिलात मात्र दिसतं.

आमच्या प्रोजेक्टवर एकदा एका महाभागाने कोडच्या ओळी मोजून अप्रेझल करायचं ठरवलं होतं. लोकांनी काय केलं असेल? ओळी वाढवल्या! कॅरेटचंही अगदी तेच आहे. जे मोजाल ते फुगेल.

मी दोन्ही सर्टिफिकेटं मागून घेतली. ०.५० चा व्यास ५.०० मिलिमीटर, खोली ६५.६ टक्के, कट 'गुड'. ०.४६ चा व्यास ४.९७, खोली ६१.५, कट 'एक्सलंट'. म्हणजे वरून बघताना फरक ०.०३ मिलिमीटरचा! केसाची जाडीसुद्धा याहून जास्त असते. आणि 'गुड' ऐकून खूश होऊ नका. जीआयएच्या पाच पायऱ्यांमध्ये 'एक्सलंट' आणि 'व्हेरी गुड'नंतर 'गुड' येतो, म्हणजे तिसरा नंबर. गोल हिऱ्यांच्या रिपोर्टवर ही श्रेणी २००६ पासून छापली जाते. तरी दुकानदार बोट ठेवतो ते 'पॉलिश' आणि 'सिमेट्री'च्या 'एक्सलंट'वर. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बरं का.

मग मी दोन्ही खडे घेऊन दुकानाच्या दारापाशी गेलो. छतावरच्या स्पॉटलाइटखाली काचसुद्धा झगमगते. दारातल्या साध्या उजेडात मोठ्या खड्याच्या मध्यभागी काळोख दिसला. लहान तसाच हसत होता. हिला काही सांगावं लागलं नाही, तिने सरळ त्याच्याकडेच बोट दाखवलं.

कोणी म्हणेल, रंग आणि स्वच्छतेचं काय? असतं ना महत्त्व. पण स्वच्छता दहापट भिंगाखाली तपासतात आणि तुमची बायको भिंग लावून हात बघणार नाहीये. शेजारशेजारच्या दोन रंगश्रेणींमधला फरक अंगठीत बसवल्यावर आपल्यासारख्याला सांगता येत नाही. निस्तेजपणा मात्र समोरच्या खुर्चीवरून दिसतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा घेणार असाल तरी हेच लागू, कारण प्रकाशाला खड्याचं जन्मस्थान कळत नाही.

बाहेर पडल्यावर आई म्हणाली, "अरे, पण अर्धा कॅरेटसुद्धा नाही. लोकांनी विचारलं तर काय सांगायचं?" खरी गोम इथेच आहे. दुकानदार वजन विकतो, कारण आपण वजन विचारतो. आणि गंमत बघा, माणूस घडवण्याला आपली मराठी 'पैलू पाडणं' म्हणते, 'वजन वाढवणं' नाही. मी म्हटलं, "आई, सांग की पैलू बघून घेतलाय."

पुढच्या वेळी दुकानात गेलात तर पहिला प्रश्न कटचा विचारा. "राऊंड" असं उत्तर आलं तर सरळ उठा. सोसायटीच्या कोपऱ्यावर अजून एक दुकान असतंच.