गप राहण्याची तालीम

आमच्या उर्दू शाळांत 'अखलाक' या शब्दाइतका गुळगुळीत झालेला दुसरा शब्द नसेल. फळ्यावर रोज एक अकवाल-ए-जर्रीन लिहिले जाते. परिपाठात प्रतिज्ञा होते, संविधानाची उद्देशिका होते. पाठ टाचणात गाभा घटक आणि मूल्य असे रकाने असतात, ते भरले जातात. शासनाने मूल्यशिक्षणाची दहा मूल्ये ठरवून दिली, राष्ट्रभक्ती, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता इथपासून पार वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणापर्यंत. त्यांचे तक्ते भिंतीवर लागले आणि त्यांच्यावर धूळही बसली. तिकडे मकतबात हलाल-हरामची यादी, घरात अदबीची यादी. एवढ्या याद्या डोक्यावर घेऊन आमचा पंधरा वर्षांचा मुलगा दहावीच्या परीक्षा केंद्रावर जातो आणि तिथे त्याचाच मामा भिंतीवर चढून खिडकीतून चिठ्ठी आत टाकतो.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे दृश्य समजावून सांगायला नको. कॉपीमुक्तीचे फलक लागतात, भरारी पथके येतात, वर्तमानपत्रात भिंतीवर चढलेल्या नातेवाइकांचे फोटो येतात. आणि हे फक्त आमच्या समाजात चालते असेही नाही. या बाबतीत सर्वधर्मसमभाव पूर्ण आहे. प्रश्न मामाचा नाहीच, प्रश्न त्या मुलाचा आहे. तो आम्हाला विचारतो, "सर, सब लिखरें, मैं अकेला नै लिख्या तो मैं नेक क्या बेवकूफ?" हा वात्रट प्रश्न नव्हे. वाईट व्यवस्थेत एकट्याने चांगले वागण्याला काही अर्थ असतो का, हा तो प्रश्न आहे आणि जगातल्या मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी त्यावर आयुष्ये घालवली आहेत. आमच्याकडे त्याचे उत्तर 'चूप बैठ, पढाई कर' असे दिले जाते. म्हणजे ज्या क्षणी पोरगा खऱ्या अर्थाने अखलाकच्या वर्गात बसला, त्याच क्षणी त्याला वर्गाबाहेर काढले गेले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. 'चांगले जगणे म्हणजे काय' ही भरल्या पोटाची चर्चा. आमच्या पोरांना आधी रोजीरोटी पाहू द्या. आमचे म्हणणे बरोबर उलटे आहे. खात्यापित्या घरचा मुलगा बारावी करतो, पुण्याला जातो, पदवी घेतो, आणि आयुष्याचे काय करायचे हा निर्णय पंचविशीपर्यंत पुढे ढकलतो. त्याला ती सवलत असते. धाराशिव हा 2018 साली नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलेला जिल्हा. आकांक्षित हा मागासलेल्याला दिलेला गोड शब्द आहे, इतके आम्हालाही कळते. इथल्या गॅरेजवाल्याच्या, फळगाडीवाल्याच्या, उसाच्या फडावर जाणाऱ्याच्या मुलाला शाळा सोडायची की नाही, पुण्याला मावसभावाच्या वेल्डिंगच्या दुकानात जायचे की नाही, हे नववी-दहावीतच ठरवावे लागते. मुलींची गोष्ट तर त्याहून निकराची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 मध्ये, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले. भावाच्या क्लासची फी भरता यावी म्हणून बहिणीची शाळा थांबते, तेव्हा 'चांगली बेटी' कोणती, थांबणारी की बोलणारी, हा तिच्यासाठी पुस्तकी विषय राहत नाही. आमच्या मुलांना हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो आणि त्यावर विचार करायला सर्वांत कमी वेळ मिळतो. चैन असलीच तर ती आम्हा मोठ्यांची आहे, त्यांच्याशी न बोलण्याची.

ही न बोलण्याची सवय आली कुठून? निव्वळ मुल्ला-मौलवींवर खापर फोडून मोकळे होणे सोपे आहे, आणि आमच्या व्यासपीठांवर ते बऱ्याचदा होतेही. पण या जिल्ह्यात त्याची मुळे इतिहासात आहेत. सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई झाली, हैदराबाद संस्थान संपले. त्यानंतर काय झाले याची पाहणी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने केली. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे दिली आणि या चार जिल्ह्यांत मिळून किमान 18,000 माणसे मारली गेल्याचा अंदाज मांडला. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. त्याआधी रझाकारांनी काय केले हेही विसरून चालणार नाही. त्यांचा नेता कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस, आणि लातूर तेव्हा आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा झाला 1982 साली.

या दोन्ही आगींतून जे वाचले त्यांनी मुलांना एकच शिकवण दिली. मान खाली घाल, नजरेत येऊ नको, मोठ्यांपुढे मूं नक्को खोल, सरकारी माणसापुढे तर नक्कोच. त्या आजी-आजोबांना आम्ही दोष देत नाही. त्या काळी जिवंत राहणे हेच चांगले जगणे होते. पण तिसऱ्या-चौथ्या पिढीलाही आम्ही तेच चारतो आहोत, आणि 'सुरक्षित' या शब्दाच्या जागी 'शरीफ' हा शब्द ठेवून चारतो आहोत. शरीफ लडका म्हणजे कोण? जो काही विचारत नाही तो. आमच्या मोहल्ल्यात याहून वेगळी व्याख्या ऐकायला मिळत नाही.

बरे, गप बसवलेला मुलगा गप बसतो का? तो घरात गप बसतो आणि मोबाइलवर बोलतो. जून 2023 मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरून दंगल उसळली. त्या प्रकरणात अल्पवयीन मुलेही पोलिसांनी ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर मराठवाड्यातल्या मुस्लिम वस्त्यांत घरोघरी एकच फर्मान निघाले: स्टेटस ठेवायचे नाही. फर्मान समजण्यासारखे आहे, दंगलीत घर आमचेच जळते. पण बहादुरी म्हणजे काय, इज्जत कशाने जाते आणि कशाने राहते, तीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या बादशहाचे आपण नेमके काय लागतो, हे कुणी त्या मुलांपाशी बसून काढले का? स्टेटस गेले, मनातले तिथेच राहिले. आणि ते मनातले कोणीतरी दुसरा भरतोच आहे. त्याला बी.एड. लागत नाही, दाढीही लागत नाही. एक फोन पुरतो.

खरे म्हणजे ज्या इतिहासाने आम्हाला गप केले, त्यातच या वयाच्या मुलांसाठी सर्वांत मोलाचा पाठ आहे. त्याच सुंदरलाल अहवालात जिवाची पर्वा न करता मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंच्याही नोंदी आहेत. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले असे त्यात नमूद आहे. दहावीच्या वर्गात हे ठेवा आणि विचारा: बाहेर जमाव आहे, दारावर थाप पडली आहे, घरात तुमची लेकरे आहेत. दार उघडायचे का? दार उघडणारा चांगला, मग न उघडणारा वाईट का? आणि गणवेश घालून रझाकारांत गेलेला सतरा वर्षांचा मुलगा स्वतःला वाईट समजत असेल का? अशा प्रश्नावर वर्ग गप बसत नाही. ज्याने वर्षभर तोंड उघडलेले नसते तोही बोलतो.

आता दुसरा आक्षेप, आणि तो जास्त जड आहे. चांगले-वाईट अल्लाहने सांगून ठेवले आहे. मुलांना विचारायला लावणे म्हणजे वह्यीवर शंका घेणे. असे म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे विचारतो, दरवर्षी बकरी ईद आपण कशाची साजरी करतो? कुर्बानीचा प्रसंग कुरआनात सूरह साफ्फातमध्ये आहे. मुलगा बापाबरोबर कामाला जाण्याच्या वयाचा झाला आहे, म्हणजे आमच्या नववीतल्या मुलाएवढा. हजरत इब्राहीम (अ. स.) त्याला स्वप्न सांगतात, आणि त्यावर त्याला काय वाटते ते विचारतात. खुदाचा हुकूम असताना पैगंबर बाप पोराचे मत विचारतो. आमच्या बयानांत सुरी येते, दुंबा येतो, मुलाची ताबेदारी तर तासभर येते. बापाने विचारलेला तो प्रश्न मात्र येत नाही.

दुसरा प्रसंग मुस्नद अहमदमधला, अबू उमामांनी सांगितलेला. एक तरुण पैगंबरांकडे (स.) येऊन चक्क व्यभिचाराची परवानगी मागतो. लोक त्याच्यावर धावून जातात, त्याला झिडकारतात. पैगंबर त्याला जवळ बसवतात आणि विचारतात, तुझ्या आईसाठी हे तुला आवडेल का? मुलीसाठी? बहिणीसाठी? आत्यासाठी? मावशीसाठी? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तो तरुण स्वतः देतो. शेवटी त्याच्यासाठी दुआ होते. आम्हाला बी.एड.ला कोहलबर्गच्या नैतिक विकासाच्या पायऱ्या शिकवल्या, त्यावर पाच गुणांचा प्रश्नही येतो. हा पाठ मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, आणि मकतबात तो सांगितलाच तर व्यभिचार हरामचा पुरावा म्हणून सांगितला जातो, तरुणाशी कसे बोलावे याचा नमुना म्हणून नाही. आमच्या समाजात आज त्या झिडकारणाऱ्या लोकांची भरती मोठी आहे.

उर्दूच्या शिक्षकांना डेप्युटी नजीर अहमद यांची 'तौबतुन्नसूह' ही कादंबरी माहीत असते. नसूह कॉलऱ्यातून उठतो, तौबा करतो, घर सुधारायला निघतो. थोरला मुलगा कलीम शायर, तो बापाला भेटायलाच येत नाही. बाप त्याची पुस्तके जाळून टाकतो. नजीर अहमदांचा हेतू तर्बियत वेळेवर करा हे सांगण्याचा. पण कलीम का येत नाही? कारण त्याला ठाऊक आहे की भेट म्हणजे निकाल आहे. तिथे ऐकून घेतले जाणार नाही, ऐकवले जाणार आहे. ही एकोणिसाव्या शतकातली कादंबरी. आमच्या घरांतले कलीम आजही दुसऱ्या खोलीत बसलेले आहेत.

मौलवींना बोललो, आता आमच्या पुरोगामी मित्रांनाही थोडे बोलू द्यावे. हमीद दलवाईंनी 1970 साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, धर्माची चिकित्सा करण्याचे धाडस मराठी मुसलमानाला शिकवले. ते ऋण मोठे आहे. पण त्यांच्यानंतरच्या अनेक सुधारकांना चौदा वर्षांच्या मुलाकडून एवढेच हवे असते की त्याने मौलवीची यादी खाली ठेवावी आणि यांची उचलावी. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2009 पासून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू झाले, मुलांना उपदेश न करता गटात बोलते करायचे अशी त्याची रीत. पुढे ते राज्यभर पसरले. चांगले आहे. पण सुरुवात लहानग्यांपासून झाली. मूल खरोखर अडचणीचे विचारू लागते त्या वयात, नववी-दहावीत, सगळ्यांचे एकमत होते: आता बोर्डाची परीक्षा, आता फक्त निकाल.

आमच्या शहरापासून जवळच तेर आहे, गोरोबाकाकांचे गाव. संतमेळ्यात कोण पक्के, कोण कच्चे हे त्यांनी थापटण्याने डोक्यावर मारून पाहिले, अशी कथा आहे. बाकीचे गप राहिले, नामदेव तेवढे कुरकुरले आणि कच्चे ठरले. भक्तिमार्गात या कथेचा अर्थ वेगळा आहे, गुरूवाचून ज्ञान नाही असा, आणि आम्ही त्याचा आदर करतो. आमच्या मोहल्ल्यात मात्र फक्त थापटणे उरले आहे. ज्याने 'का मारता' म्हटले तो कच्चा. हे थापटणे चालवणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की तो कच्चा ठरलेला नामदेवच पुढे पंजाबपर्यंत गेला आणि त्याची वाणी गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे.

आमची मागणी फार खर्चाची नाही. आठवी ते दहावीला आठवड्यातून एक तासिका, जिच्यात शिक्षक शेवटी बोलेल. गुण नाहीत, वही तपासणी नाही, अहवाल तर मुळीच नाही. अहवाल आला की फोटो येतो आणि फोटो आला की मुले गप होतात. मुले-मुली दोघेही. विषय त्यांच्याच गल्लीतले: मापात खोट ठेवणारा बाप, गरिबीत ठेवलेला वलीमा, कॉपी न घेतलेला मित्र, थांबलेली शाळा. इमामसाहेबांनाही बोलवावे, त्यांनी यावे, पण इतरांसारखे सतरंजीवर बसावे.

आणि एक मागणी आमच्या साहित्यिक मंडळींकडेही आहे. जानेवारी 2020 मध्ये याच शहरात अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, त्यांच्या निवडीला विरोधही झाला. तरी एक ख्रिस्ती धर्मगुरू संत गोरोबांच्या नावाच्या मांडवात मराठीत माणुसकीबद्दल बोलला. व्यासपीठावर कोण बसतो याने फरक पडतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. आमच्या संमेलनांत मात्र 'मुस्लिम युवक: आव्हाने आणि दिशा' हा परिसंवाद ठरलेला असतो आणि त्यातला सर्वांत तरुण वक्ता पंचावन्नचा असतो. पुढच्या संमेलनात या परिसंवादाला तीन खुर्च्या नववी-दहावीच्या मुलांसाठी ठेवा, त्यांतल्या दोन मुलींसाठी. भाषण लिहून देऊ नका. आणि त्यांचे बोलणे रंगात आले की सूत्रसंचालकाने वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवू नये.