गाडी करताना माहितगारही सोबत घ्या

केम, जेऊर, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, करमाळा या आपल्या पट्ट्यात सुट्ट्या लागल्या की गाड्या ठरायला लागतात. पुण्या-मुंबईची मंडळी गावी आलेली असतात, लेकी माहेरपणाला आलेल्या असतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "चला, एक दिवस गाडी करून फिरून येऊ." मग इर्टिगा नाहीतर क्रूझर ठरते. पहाटे चारला निघायचं, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर एका दिवसात उरकायचं, जमलं तर गाणगापूरही गाठायचं आणि मध्यरात्री घरी येऊन पडायचं. या फेरीत सोलापूर शहर वाटेवर येतं. आपण बाहेरच्या रस्त्यानं निघून जातो, फार तर चहाला थांबतो. जिल्ह्याचं ठिकाण आपल्याला कलेक्टर कचेरी, कोर्ट, दवाखाना आणि लग्नाचा बस्ता यांच्यापुरतंच ठाऊक असतं.

देवदर्शन सोडा असं मी म्हणत नाही. ते आपलं आहेच. पण एक दिवस फक्त सोलापूरसाठी काढा. केमपासून शहर शंभरेक किलोमीटर, दोन-सव्वादोन तासांचा रस्ता. गाडी कराच, कारण घरातली म्हातारी माणसं आणि लहान पोरं घेऊन उन्हातान्हात रिक्षा बदलत फिरणं होत नाही. आणि त्या गाडीतली एक जागा माहितगार माणसासाठी मोकळी ठेवा. मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं सगळं त्याच्या तयारीचं आहे.

माहितगाराला पैसे द्यायचे ही कल्पना पुष्कळांना पटत नाही. "मोबाइलवर सगळं दिसतंय की," असं म्हणतात. पण आपली आजी-आजोबांची पिढी नाशिकला, त्र्यंबकेश्वरला किंवा पंढरपूरला गेली तर क्षेत्रोपाध्यायाशिवाय पाऊल टाकत नव्हती. उतरायची सोय तो करायचा, कुठल्या घाटावर काय करायचं ते तो सांगायचा आणि त्याच्या वहीत आपल्या पणजोबांचं नावही सापडायचं. त्याला दक्षिणा देताना कुणी कुरकुरलं नाही. परदेशातही हा रिवाज चांगला रुजलाय. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात तीस वर्षं चाललेल्या दंगली आणि बॉम्बस्फोटांनंतर तिथल्या काळ्या टॅक्सीवाल्यांनीच पाहुण्यांना गल्लीबोळ आणि भिंतींवरची चित्रं दाखवायला सुरुवात केली. ज्या मोहल्ल्यात ते वाढले, त्याच मोहल्ल्याची हकिकत ते सांगतात. लोक त्या टॅक्सीत मुद्दाम पैसे मोजून बसतात ते या माहितीसाठीच.

माहितगार असला आणि नसला, तर काय फरक पडतो ते सोलापुरातल्याच जागांवरून सांगतो.

सकाळी ऊन चढायच्या आत सिद्धेश्वराच्या देवळात जा. तलावाच्या मधोमध देऊळ, भोवती पाणी, दर्शन पंधरा मिनिटांत होतं. फोटो काढून लोक गाडीत बसतात. जाणता माणूस सोबत असेल तर तो तुम्हाला बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांबद्दल सांगेल. कन्नडमध्ये वचनं लिहिणारा हा शिवयोगी, हा तलाव त्यांनी लोकांना बरोबर घेऊन खणला अशी परंपरा, आणि शहराच्या भोवती त्यांनी स्थापन केलेली अडुसष्ट लिंगं. ती लिंगं आजही आहेत आणि यात्रेच्या वेळी त्यांना तेलाभिषेक होतो. मग तो तुम्हाला संमती कट्ट्याजवळ नेईल. सिद्धरामांशी लग्न करायचं म्हणणाऱ्या कुंभाराच्या मुलीची कथा तिथंच ऐकायला हवी. तिनं त्यांच्या योगदंडाशी विवाह केला, असं परंपरा मानते. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा मानाचे सात नंदीध्वज याच कट्ट्यावर येतात आणि हजारो लोक अक्षता टाकतात. ही कथा ठाऊक नसेल तर तो कट्टा नुसता दगडी ओटा वाटतो आणि आपण त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतो.

देवळाला लागूनच भुईकोट किल्ला आहे. त्यासाठी गाडी हलवायची गरज नाही, चालत जा. दुहेरी तटबंदी, भोवती खंदक, एका अंगाला तलावाचं पाणी. बहामनी काळापासून पुढं आदिलशाही, निजामशाही, मोगल, मराठे असे किती अंमल या तटानं पाहिले. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी सोलापूर घेतलं आणि पेशवाईचा दक्षिणेतला आधार गेला. मुलांना तटावर घेऊन जा, पण कठडा नसलेल्या जागी हात सोडू नका.

तिसरी जागा म्हणजे चार हुतात्म्यांचे पुतळे. इथं मी जरा जास्त वेळ मागतो. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसं पडली. पुढचे तीन दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. पोलीसच शहर सोडून गेले होते. मग १२ मेपासून मार्शल लॉ लागला. साधी गांधी टोपी घातली म्हणून माणसं पकडली गेली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं. ही चार नावं एकदा सावकाश मोठ्यानं वाचा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या या गावातून चौघं एकाच दिवशी फासावर गेले. कुर्बान हुसेन तर ऐन विशीतला, 'गझनफर' नावाचं पत्र चालवणारा, गिरणी कामगारांत काम करणारा तरुण. चौकातल्या गर्दीत गाडीच्या काचेतून हे काहीच कळत नाही. खाली उतरून, सांगणाऱ्याच्या शेजारी दहा मिनिटं उभं राहावंच लागतं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं राहतं घर आता स्मारक आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा मुलगा डॉक्टर होऊन १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, जपानी आक्रमणात जखमी झालेल्या सैनिकांवर आघाडीजवळ शस्त्रक्रिया करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच वारला, वय अवघं बत्तीस. मुलांना शाळेत एखादा धडा असतो, तेवढ्यानं हा माणूस कळत नाही. घर बघितलं की कळतो.

जेवण झाल्यावर पूर्व भागात चला. आंध्र-तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा भाग वसवला. इथं पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, पुढं गिरण्या वाढल्या, नंतर एकेक करत बंद पडल्या, पण यंत्रमाग चालू राहिले. दुकानातून चादर घ्यायला कुणीही जातं. तुम्ही माहितगाराला आधी सांगून एखाद्या कारखानदाराची परवानगी काढून ठेवा आणि माग चालताना बघा. आत पाऊल टाकलं की खडखडाटानं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबलचक माळ लोंबत असते. त्या प्रत्येक पुठ्ठ्यावरची भोकं म्हणजे नक्षीची एकेक ओळ. पुठ्ठा पुढं सरकतो, कुठले धागे उचलायचे ते ठरतं, धोटा इकडून तिकडं जातो आणि चादरीवर मोराचा पिसारा बोटभर पुढं सरकतो. याला जॅकार्ड म्हणतात. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी का वापरता येते हे तिथं उभं राहून पाच मिनिटांत समजतं. चादर आणि टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालंय. रस्त्याकडेला सोलापुरी म्हणून खपवला जाणारा हलका माल आणि अस्सल माल यांतला फरक वजनावरून, विणीवरून कसा ओळखायचा हेही तिथला कामगारच दाखवेल. कामगारांचा फोटो घ्यायचा तर आधी विचारा. मागाजवळ ओढणी, पदर, मुलांचे हात सांभाळा.

एवढं झालं की दिवस संपतो. इंद्रभुवनाची इमारत जाता-येता बाहेरून बघा, नान्नजचं माळढोक अभयारण्य दुसऱ्या खेपेला ठेवा. एका दिवसात बारा ठिकाणं करून देतो म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या.

आता गाडी ठरवण्याचं. गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, पण ती भाड्यानं चालवायला परवाना नसतो. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. दोन-तीन हजार वाचवण्यासाठी घरातल्या सात माणसांचा जीव असा टांगणीला लावू नका. भाडं ठरवताना किलोमीटरचा दर, दिवसाचे किमान किलोमीटर, टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता कुणाकडे, हे सगळं आधी बोलून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. किलोमीटर गाडीवाल्याच्या दारापासून मोजणार की तुमच्या दारापासून, हा प्रश्न हमखास राहतो आणि परतल्यावर भांडण त्यावरच होतं. निघताना आणि पोचल्यावर मीटरचा फोटो काढा. जेवढी सीट तेवढीच माणसं बसवा.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना माझा सल्ला असा की तिकडूनच गाडी घेऊन येऊ नका. रेल्वेनं कुर्डुवाडीला किंवा तुमची गाडी थांबत असेल तर केमला उतरा आणि गाडी इथं करा. लांबचा रिकामा पल्ला तुमच्या माथी बसत नाही आणि भाडं इथल्या पोराच्या हातात पडतं.

ड्रायव्हरची झोप झाली आहे का, हे निघण्याआधी विचारा. पहाटे चारला निघून रात्री बाराला परत येणारा माणूस वीस तास जागा असतो, आणि आपण मागं निवांत झोपलेलो असतो. सोलापूरच्या दिवसाला सहाला निघालात तरी चालतं. त्याला आपल्याबरोबर जेवायला बसवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा म्हाताऱ्यांना घेऊन जाऊ नका. दिवाळीनंतरचे तीन-चार महिने उत्तम. यात्रेच्या दिवसांत मात्र जुन्या शहरात गाडी शिरत नाही, तेव्हा पायी हिंडायची तयारी ठेवा. स्मारकं कोणत्या वारी बंद असतात ते आधी फोन करून विचारा.

माहितगार मिळवायचा कुठून? अजिंठा-वेरूळला गळ्यात ओळखपत्र अडकवलेले परवानाधारक गाईड भेटतात. सोलापूरच्या किल्ल्याच्या दारात तसा माणूस उभा असेलच असं नाही. म्हणून आठवडाभर आधी चौकशी करा. इतिहासाचे निवृत्त शिक्षक, महाविद्यालयातले प्राध्यापक, जुन्या वास्तूंचा छंद असलेली तरुण मंडळी शहरात आहेत. नात्यागोत्यात विचारलं तरी एखादं नाव निघतं. पण त्यांना "या की सर, आमच्याबरोबर फिरायला," असं म्हणून फुकट बोलावू नका. त्यांचा अख्खा दिवस जातो. मानधन किती ते आधी विचारून ठरवा आणि निरोप घेताना हातात द्या. पुतळ्याजवळ नेमकं साल सांगणारा, आणि कथा कुठली व इतिहास कुठला हे वेगळं करून सांगणारा माणूस निवडा.

सोलापूर झालं की पाहुण्यांना अर्धा दिवस केमही दाखवा. उत्तरेश्वराचं दर्शन घ्या आणि मग कुंकवाच्या कारखान्यात न्या. महाराष्ट्रभर देवळांबाहेरच्या दुकानांत जे कुंकू विकलं जातं त्यात आपल्या गावचं कुंकू आहे, हे आपल्याच पोरांना ठाऊक नसतं. मुलांच्या तळहातावर चिमूटभर हळद ठेवा, त्यावर भिजवलेला चुना टाका आणि बोटानं चोळा. पिवळी हळद डोळ्यांदेखत लाल होते. जुन्या रीतीचं कुंकू याच गुणावर बनत आलंय. आज बाजारात पीठ आणि रंग घालून केलेला मालही भरपूर आहे, तेव्हा कारखानदारालाच विचारा की कशात काय असतं आणि कपाळाला कुठलं चालतं. तो सांगतो. जाताना जुने कपडे घाला, नाकाला रुमाल लावा. वेळ उरला तर करमाळ्याला कमलाभवानीच्या देवळात जा आणि तिथली शहाण्णव पायऱ्यांची विहीर बघा. थंडीत आलेल्यांनी उजनीच्या फुगवट्याकडे रोहित पक्षी बघायला जावं.

शेवटी केम आणि आसपासच्या गाडीवाल्या तरुणांना एक विनंती. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी तरी ही माहिती नीट शिकून घ्या. एक दिवस एखाद्या जाणत्या शिक्षकाबरोबर सोलापूर हिंडा, वहीत टिपून घ्या, चार नावं आणि चार तारखा चुकणार नाहीत अशा पाठ करा. मग भाड्याबरोबर माहितीचेही पैसे हक्कानं मागा. आणि वाचकहो, असा गाडीवाला भेटला तर ते पैसे द्या, घासाघीस करू नका. तोवर गाडीचा फोन लावण्याआधी माहितगाराला फोन लावा. तो ज्या दिवशी मोकळा असेल, त्या दिवशीची गाडी ठरवा.