प्रमाणपत्र नको, करार हवा!

आमच्या मालात मजुरांचे शोषण नाही, असे विदेशी कपडा कंपन्या छातीठोकपणे सांगतात. त्यासाठी त्यांनी पुरवठादारांकरिता आचारसंहिता लिहिल्या, भाडोत्री तपासनीस नेमले. कराचीच्या अली एंटरप्रायझेसला असेच प्रमाणपत्र मिळाले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच, सप्टेंबर २०१२ मध्ये, तेथे २५० हून अधिक कामगार आगीत मेले. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून १,१०० वर कामगार गाडले गेले. त्या इमारतीतल्या कारखान्यांचीही तपासणी झालेली होती! तपासनिसाची फी मालक देणार, आणि भावात घासाघीस करून रात्रपाळ्या लादणारा ब्रँड नामानिराळा राहणार. दुसरे काय होणार?

राणा प्लाझानंतर बांगलादेशात ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बंधनकारक करार झाला. पण तो आगीपुरता आणि इमारतीपुरता होता. जातीचा प्रश्न पुढे आला तो तामिळनाडूत. जानेवारी २०२१ मध्ये दिंडीगुल जिल्ह्यातील ईस्टमन एक्स्पोर्ट्सच्या कारखान्यातील एका दलित तरुणीचा खून झाला. आरोपी तिचाच सुपरवायझर. माल जात होता एच अँड एमला. दलित महिलांच्या नेतृत्वाखालील कामगार युनियनने हे प्रकरण लावून धरले आणि एप्रिल २०२२ मध्ये दिंडीगुल करार झाला. गॅप आणि पीव्हीएच या कंपन्याही त्यात आल्या. दर २५ कामगारांमागे युनियनने प्रशिक्षण दिलेली एक देखरेख करणारी कामगार. आणि मालकाने करार मोडला तर ब्रँडने धंद्याची झळ त्याला लावायची.

लिंगभेदाबरोबर जातिभेदालाही या कराराने नाव घेऊन बंदी केली, हे आम्ही विशेष मानतो. मुंबईच्या गिरण्यांत धाग्याला तोंड लावावे लागते म्हणून अस्पृश्यांना विणकाम खात्यात शिरू दिले जात नव्हते. जास्त पगार त्याच खात्यात होता. बाबासाहेबांनी तो प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला, तेव्हा 'वर्ग' 'वर्ग' म्हणणाऱ्यांना तो ऐकू आला नाही.

कायदा आपल्याकडेही आहे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध समिती हवी. पण ती नेमतो मालक, आणि बहुतेक वेळा कागदावरच. आचारसंहिता घेऊन तर कामगाराला कोर्टाची पायरीही चढता येत नाही. करार असला तर जाब विचारता येतो. भिवंडी-सोलापुरातील आमच्या संघटनांनी आपल्या कारखान्यातून कोणाच्या लेबलचा माल बाहेर पडतो, त्याची यादी करायला आजच बसावे.