डाउनलोड केलेली टॅक्टिक आणि विकलेला कॅप्टन

फुटबॉल मॅनेजर खेळणारे दोघं भेटले की पहिला प्रश्न असतो, "कुठली टीम?" दुसरा, "कुठली टॅक्टिक?" पूर्वी या दुसऱ्या प्रश्नाला ४-४-२, ४-३-३ असं काहीतरी उत्तर यायचं आणि मग तासभर वाद चालायचा. आता लिंक येते. कुणीतरी एकच टॅक्टिक शेकडो सामन्यांत राबवून, गुण मोजून, 'टेस्टेड' असा शिक्का मारून ठेवलेली असते. ती उतरवून घ्यायची, आपल्या क्लबवर चिकटवायची आणि स्पेसबार दाबत राहायचं. मे महिन्यात चषक.

मला हे पटत नाही. 'ज्याची त्याची आवड' म्हणून सोडून देण्याइतकंही पटत नाही. उतरवलेली टॅक्टिक दिसते साधी सोय, पण तिच्यासोबत माणसांकडे बघायची एक रीत येते आणि ती रीत वाईट आहे.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यात तुम्ही बॉलला पाय लावत नाही. तुम्ही मॅनेजर असता. संघ निवडता, सराव ठरवता, खेळाडू घेता-विकता, रुसलेल्यांची समजूत काढता, आणि सामना सुरू झाला की रेषेबाहेर उभं राहून हात चोळत बघता. पॉल आणि ऑलिव्हर कोलियर या दोन इंग्रज भावांनी घरी बसून बनवलेला 'चॅम्पियनशिप मॅनेजर' १९९२ साली बाजारात आला. पुढे प्रकाशकाशी फारकत झाली, जुनं नाव प्रकाशकाकडे राहिलं आणि २००४ साली तोच गेम 'फुटबॉल मॅनेजर' म्हणून नव्यानं आला. २०२४ची मोबाइल आवृत्ती नेटफ्लिक्सवर आल्यापासून तर ज्यांच्याकडे धड लॅपटॉप नाही तेही लोकलमध्ये उभ्याउभ्या क्लब चालवतात.

गेममधल्या प्रत्येक खेळाडूला १ ते २० मध्ये गुण असतात. पासिंग, टॅकलिंग, वेग, धीर, जिद्द, सगळ्याला. मैदानावरच्या प्रत्येक जागेला एक भूमिका असते. आणि टॅक्टिक म्हणजे या माणसांनी मिळून काय करायचं याचं उत्तर. इथे 'या' शब्द महत्त्वाचा. उत्तर आपल्याकडे कोण आहे यावर अवलंबून असायला हवं.

उतरवलेल्या टॅक्टिकमध्ये हा क्रम उलटा होतो. उत्तर आधी येतं, माणसं नंतर. बहुतेक वेळा ती गेगेनप्रेसचीच एखादी भावंडं असते: बॉल गेला की सगळ्यांनी तुटून पडायचं, बचावाची फळी मैदानाच्या मध्यापर्यंत वर चढवायची, कडेचे बचावपटू विंगरसारखे धावणार. तिला अकरा जागांवर अकरा धावरे लागतात. मग आपण आपला संघ उघडतो आणि बसत नाही त्याला काढत सुटतो. याचा वेग ९, विका. याचा दम ११, विका. हा बत्तीस वर्षांचा, करार संपू द्या. महिनाभरात क्लबचं फक्त नाव आणि जर्सी उरते. मॅनेजर म्हणून आपण काय केलं? खरेदी विभाग चालवला.

एक उदाहरण घेऊ. इंग्लंडची सहावी पायरी. इथले कितीतरी खेळाडू अर्धवेळ करारावर असतात. माझ्या एका सेव्हमध्ये तिथला क्लब होता. त्यात चौतीस वर्षांचा एक सेंटर बॅक, कॅप्टन. वेग ६. वळायला इतका वेळ लागायचा की तोवर समोरचा फॉरवर्ड गोल करून परत यायचा. कुठल्याही 'टेस्टेड' टॅक्टिकमध्ये हा माणूस पहिल्या दिवशी विक्रीच्या यादीत जातो. वर चढवलेल्या फळीच्या मागे चाळीस यार्ड मोकळे आणि त्यात हा धावणार!

पण त्याच्याच पानावर आणखी काय होतं? पोझिशनिंग १५, हेडिंग १५, नेतृत्व १७. स्वभावाच्या रकान्यात 'प्रोफेशनल'. ड्रेसिंग रूमच्या उतरंडीत सगळ्यात वर. एफएम १८ मध्ये ही उतरंड आली, तेव्हापासून वरच्या माणसाला विकलं की खालची पाच-सहा माणसं तुमच्या दारात येऊन उभी राहतात. एफएम १९ मध्ये मेंटरिंग आलं. म्हणजे दोन-तीन पोरांना अशा माणसाच्या गटात ठेवलं, तर महिन्यांमागून महिने त्याचा स्वभाव त्यांच्यात थोडाथोडा उतरतो. वेगाच्या रकान्यात यातलं काही दिसत नाही.

मी फळी खाली घेतली. त्याच्या शेजारी एकोणीस वर्षांचा, चपळ पण डोक्यानं कच्चा असा एक पोरगा उभा केला. आम्ही खोल बसायचो, बॉल आला की लांब मारायचो. दिसायला भिकार फुटबॉल. नववे आलो. उतरवलेल्या टॅक्टिकनं कदाचित पहिले आलो असतो. पण त्या हंगामातले कितीतरी सामने मला आजही आठवतात, कारण प्रत्येक सामन्याआधी मला एकच प्रश्न सोडवावा लागायचा: आज या माणसाला शर्यतीपासून कसं वाचवायचं? समोर वेगवान फॉरवर्ड असला की मधल्या फळीतला एक जण मागे ओढायचा. उंच फॉरवर्ड असला की कॅप्टन खुश. मॅनेजरकी म्हणतात ती मला यात दिसते.

कुणी म्हणेल, ही हळव्या माणसाची चैन, खरा फुटबॉल असा चालत नाही. खऱ्या फुटबॉलकडे बघू. ब्रायन क्लफ जानेवारी १९७५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला आला तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता आणि जॉन रॉबर्टसन नावाच्या मिडफिल्डरला क्लबनं विकायला काढलेलं होतं. रॉबर्टसन सुटलेला, सिगरेटी ओढणारा, हळू. क्लफनं त्याला डावा विंगर केलं. ज्या जागेवर जगभर धावरे शोधतात, त्या जागेवर न धावणारा माणूस! कारण त्याच्या पायात बॉल थांबायचा आणि त्याचा क्रॉस पाहिजे तिथेच पडायचा. मग बाकीचा संघ असा रचला की बॉल त्याच्यापर्यंत पोचावा. फॉरेस्ट १९७७ मध्ये वर चढलं, १९७८ मध्ये लीग जिंकलं. १९७९ च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात म्युनिकमध्ये ट्रेव्हर फ्रान्सिसनं डोक्यानं गोल केला, तो क्रॉस रॉबर्टसनचा. १९८० मध्ये माद्रिदला हॅम्बुर्गविरुद्ध १-० झालं, तो गोल रॉबर्टसनचा. आजच्या 'टेस्टेड' चाळणीतून हा माणूस पहिल्याच फेरीत गळला असता.

आणि हाच क्लफ त्याआधी १९७४ मध्ये लीड्सला गेला होता, तेव्हा ४४ दिवसांत त्याला घरी पाठवलं होतं. तिथे तयार विजेता संघ होता, पण त्या माणसांबद्दल त्याच्या मनात आधीच राग होता. डोकं तेच. एका ठिकाणी त्यानं माणसं बघितली, दुसऱ्या ठिकाणी बघायचीच नव्हती.

याच्यावर गार्डिओलाचं नाव पुढे येणार, ठाऊक आहे. त्यानं २०१६ मध्ये मँचेस्टर सिटीला येताच जो हार्टला बाजूला केलं, कारण गोलकीपरला पायानं खेळता यायला हवं होतं. म्हणजे पद्धत आधी, माणूस नंतर. खरं आहे. पण त्याच गार्डिओलानं २ मे २००९ ला बर्नाबेऊवर मेस्सीला मध्यभागी आणून खोट्या नऊ नंबरवर खेळवलं आणि रेआल माद्रिदचा ६-२ धुव्वा उडवला. बायर्नला गेल्यावर फिलिप लाम या फुलबॅकला मिडफिल्डमध्ये नेलं. २०२३ मध्ये जॉन स्टोन्स या सेंटर बॅकला बॉल आपल्याकडे असताना मिडफिल्डर बनवून टाकलं. या सगळ्या कल्पना विशिष्ट माणसाला बघून आलेल्या आहेत. आपण उतरवून घेतो ते त्याच्या विचाराचं शेवटचं पान. दहावीला 'अपेक्षित' पाठ करून मार्क मिळवल्यासारखं. मार्क मिळतात, ते नाकारत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. दिवसभर काम करून घरी आलेल्या माणसाला दोन तास मिळतात, त्यात जिंकावंसं वाटलं तर बिघडलं काय? जिंकावंसं वाटण्यात काहीच वाईट नाही. पण मग हा गेम कशाला? गोल मारायचेच असतील तर बॉलला पाय लावता येईल असे दहा गेम आहेत. या गेमची सगळी गंमत न जमणाऱ्या गोष्टी जमवण्यात आहे. तीच गाळली तर उरतं ते एक्सेल शीट, आणि ते आपल्याला ऑफिसात फुकट मिळतं.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. 'तुझा लाडका कॅप्टन हासुद्धा आकडाच होता की! नेतृत्व १७ बघूनच तू त्याला ठेवलंस. वेगाऐवजी दुसरा आकडा मोजलास, एवढाच फरक.' बरोबर. गेममधल्या कुणालाही रक्त नाही, पोटापाण्याची चिंता नाही. त्याला विकलं तर त्याच्या घरची चूल बंद पडणार नाही. पण सवय आपल्याला लागते, आणि आपण आकडे नाही. एका माणसाचं अख्खं पान वाचून 'याच्याकडून काय होईल' असं विचारायची एक सवय असते. एकाच रकान्यावर नजर टाकून 'हा चालणार नाही' म्हणायची दुसरी. रोज रात्री दोन तास यातल्या एकीचा सराव होतो.

शिवाय हे आकडे हवेतून येत नाहीत. जगभर पसरलेले संशोधक आपल्या भागातले क्लब बघून ते भरतात. ते इतके नेटके भरले जातात की २००८ मध्ये एव्हर्टन या खऱ्या क्लबनं खेळाडू शोधायला हा डेटाबेस वापरण्याचा करार केला. प्रत्येक पोराच्या नावामागे 'पोटेन्शियल' नावाचा एक लपलेला आकडा असतो, जास्तीत जास्त २००. चेर्नो साम्बा हा मिलवॉलच्या युवा संघातला पोरगा चॅम्पियनशिप मॅनेजरच्या ०१/०२ आवृत्तीत जगातला भन्नाट स्ट्रायकर व्हायचा. प्रत्यक्षात तो गाम्बियाच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला, कारकीर्द केली, पण आजही लोक त्याला ओळखतात ते गेममधल्या त्या भविष्यामुळे. माणसानं जे केलं त्यापेक्षा कुणीतरी भरलेला आकडा मोठा ठरला.

गेम बनवणारेही यात निर्दोष नाहीत. एफएम १९ पासून तयार शैलींची यादी गेममध्येच येते: गेगेनप्रेस, टिकी-टाका, कातेनाच्चो. नवख्याला हात धरायला ठीक आहे. पण प्रेसिंग आणि वेग यांना सामन्यात इतका भाव दिला की बाकीच्या शैली हौसेपुरत्या उरल्या. ज्या गेमनं ड्रेसिंग रूम, मेंटरिंग, दिलेला शब्द मोडल्यावरची नाराजी असं सगळं बारकाईनं रचलं, त्यानंच ते सगळं टाळून जिंकायचा हमरस्ताही बांधून ठेवलाय.

मला याचा इतका राग का येतो, तेही सांगून टाकतो. हा गेम खेळणारे आपल्यातले कितीतरी जण दिवसा दुसऱ्या कुणाच्या तरी सेव्हमध्ये खेळाडू असतात. वर्षातून एकदा आपल्याला १ ते ५ मध्ये गुण मिळतात. बेल कर्व्हमध्ये कुणाला तरी खाली बसवायचंच असतं म्हणून बसवलं जातं. हिंजवडीत प्रोजेक्ट संपला की माणूस 'बेंच'वर जातो, शब्दसुद्धा तोच. वरच्या कुणीतरी कुठूनतरी एक 'मॉडेल' उतरवून आणलेलं असतं आणि त्यात आपली भूमिका बसत नाही, एवढाच आपला गुन्हा. तेव्हा आपण चहाच्या टपरीवर चिडून म्हणतो, मला नीट बघितलंच नाही कुणी. आणि रात्री घरी येऊन चौतीस वर्षांच्या कॅप्टनचं पान तीन सेकंदांत बंद करतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढची सेव्ह सुरू कराल तेव्हा पहिला महिना काहीही उतरवू नका आणि कुणालाही विकू नका. जे तेवीस जण हाती आले त्यांची पानं एकेक करून वाचा, स्वभावाच्या रकान्यासकट. हिंमत असेल तर चाहत्यांनी बनवलेली, गुण लपवणारी स्किन लावा आणि सामने बघून ठरवा कोण कसा आहे. मग फॉर्मेशन मांडा. वाकडीतिकडी होईल, एखादी जागा कुणालाच धड जमणार नाही, एखादा चांगला खेळाडू उगाच डाव्या बाजूला जाईल. नोव्हेंबरपर्यंत बोर्डाची नाराजीची मेल येईल. येऊ द्या. तोवर तुम्हाला तुमच्या राखीव गोलकीपरचंही नाव पाठ झालेलं असेल.