जुन्या यंत्राचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात अमेरिकेतील आमच्या भाचीचे पत्र आले. पत्र म्हणजे टपालाने आलेले नव्हे, मोबाइलवर आलेलेच. परंतु तिने आरंभी 'ती. मामांस सा. न.' असे लिहिले होते, आणि एवढी रीत जिने इंदूरहून न्यू जर्सीपर्यंत सांभाळून नेली तिच्या मजकुरास पत्र न म्हणणे आमच्याने होत नाही.

पत्रातील प्रश्न मात्र आमच्या अधिकाराबाहेरचा होता. तिची कन्या यंदा अकरावीत असून तिने कलनशास्त्राचा 'एपी' अभ्यासक्रम घेतला आहे. त्यासाठी आलेख काढून दाखविणारा कॅल्क्युलेटर लागतो. भाचीजवळ तिच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतील एक आहे. २००४ साली ती उच्च शिक्षणासाठी तिकडे गेली तेव्हा तिने तो एका वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून निम्म्या किमतीत घेतला होता. मुलीला नवा हवा आहे. आईचे म्हणणे, जुना चालतो आहे, मग शंभर-दीडशे डॉलर कशाला घालवायचे? घरात या प्रश्नावरून अबोला झाला. 'मामा, तुम्ही मास्तर आहात, तुम्हीच निवाडा करा,' असे लिहून शेवटी तिने एक ओळ जोडली होती : 'नवा घेतलाच, तर जुना तुमच्या शाळेला पाठवून देईन.'

वाचकहो, या शेवटच्या ओळीने आम्हांस मोहात पाडले, हे प्रथमच सांगून टाकतो. आमची शाळा सरकारी. आमच्या गणिताच्या शिक्षकांनी असे यंत्र चित्रात पाहिले आहे, हाती कधी धरलेले नाही. 'नवा घ्या' एवढे दोन शब्द आम्ही लिहिले असते तर ते यंत्र दिवाळीच्या आत आमच्या शाळेच्या कपाटात येऊन पडले असते. न्यायाधीशाच्याच पदरात काही पडणार असेल तर त्याने निवाडा करू नये, असा संकेत आहे. तथापि दुसरा न्यायाधीश नसल्याने आम्ही आधी माहिती गोळा करावयाचे ठरविले. आम्ही मराठीचे एम. ए. आणि प्रकरण गणिताचे. म्हणून त्या गणिताच्या शिक्षकांनाच सोबतीला घेतले.

आलेख काढणारा पहिला खिशातला गणक जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८५ साली बाजारात आणला. अमेरिकेच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९९० साली आपला पहिला काढला आणि पुढे तिकडच्या शाळांत याच कंपनीच्या यंत्रांचे राज्य झाले. १९९५ पासून कलनशास्त्राच्या एपी परीक्षेत असे यंत्र आवश्यकच ठरले. भाचीजवळ आहे तो 'टीआय-८३ प्लस' १९९९ चा. मुलीला हवा आहे तो 'टीआय-८४ प्लस सीई' २०१५ चा, आणि २०२१ पासून त्याची पायथॉन ही संगणकभाषा जाणणारी आवृत्तीही मिळते.

आता दोहोंतील अंतर पाहू. जुन्याचा पडदा आडवे ९६ आणि उभे ६४ ठिपके एवढाच, म्हणजे एकूण ६,१४४ ठिपके, आणि तेही काळे. नव्याचा ३२० गुणिले २४०, म्हणजे ७६,८०० ठिपके, रंगीत आणि मागून उजेड असलेले. साडेबारा पट झाले. जुन्याच्या प्रक्रियकाची गती ६ मेगाहर्ट्‌झ, नव्याची ४८. जुन्यात विद्यार्थ्याच्या वाट्याची स्मृती २४ किलोबाइट, नव्यात १५४. जुन्याला पेन्सिलीएवढ्या बारीक चार बॅटऱ्या लागतात. नवा मोबाइलसारखा वीज भरून घेतो. नव्यात अपूर्णांक आणि वर्गमूळ कागदावर लिहितो तसेच उमटतात. जुन्यात सारे एका ओळीत कंसांच्या रांगा लावून लिहावे लागते, आणि एक कंस चुकला की उत्तर चुकते. ही सोय लहान नव्हे, हे आम्हांस मान्य आहे.

एवढे वाचल्यावर कोणीही नव्याच्याच बाजूने कौल देईल. परंतु परीक्षा काय मागते, तेही पाहावयास हवे. एपीच्या कलनशास्त्रात यंत्राकडून चारच कामांची अपेक्षा आहे : दिलेल्या मर्यादेत आलेख काढणे, फलनाची शून्ये शोधणे, एखाद्या बिंदूपाशी विकलजाचे मूल्य काढणे आणि निश्चित संकलाचे मूल्य काढणे. ही चारही कामे जुने यंत्र करते. थोडे सावकाश करते, इतकेच. शिवाय त्या परीक्षेतील ४५ बहुपर्यायी प्रश्नांपैकी ३० आणि सविस्तर उत्तरांच्या ६ प्रश्नांपैकी ४ यंत्राला हात न लावता सोडवावयाचे असतात. म्हणजे यंत्राचा वाटा एक तृतीयांश, उरलेले दोन वाटे डोक्याचे. यंत्र बदलून फार तर त्या एका वाट्यातील काही सेकंद वाचतील.

दुसरी गोष्ट, तिकडची सॅट परीक्षा आता संगणकावर होते. अमेरिकेबाहेर २०२३ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून तसे झाले. तिच्या गणित विभागात 'डेस्मॉस' नावाचा आलेखगणक पडद्यावरच दिलेला असतो. २०२५ पासून एपीच्या कलनशास्त्रातही तो उपलब्ध झाला आहे. आणि महाग ते सरस, असेही येथे नाही. अक्षरांतील बीजगणित स्वतःच सोडविणारा 'टीआय-८९' त्याहून वरच्या दर्जाचा, पण ॲक्ट नावाच्या परीक्षेत तो नेण्यास बंदी आहे.

येथपर्यंत हिशेब जुन्याच्या बाजूने झाला होता. तरीही निवाडा लिहिण्यास हात धजेना. कारण त्या मुलीची अडचण ठिपक्यांची नव्हती, हे आम्ही ओळखून होतो. आम्ही सहावीत गेलो तेव्हा थोरल्या ताईची, म्हणजे या भाचीच्याच आईची, कंपासपेटी आमच्या वाट्यास आली. झाकणावर ताईने कर्कटकाच्या टोकाने आपले नाव कोरलेले होते. वर्गातील मुले 'मुलीची पेटी' म्हणून हसत. त्या पेटीतल्या कर्कटकाने काढलेले वर्तुळ इतरांच्या वर्तुळाइतकेच गोल येई, परंतु ही गोष्ट त्या वयात मनाला पटत नाही. ज्यांनी जुन्या वस्तूची लाज कधी सोसलेली नाही त्यांनी काटकसरीचा उपदेश करू नये.

तेव्हा उपदेश न करता आम्ही त्या मुलीलाच पत्र लिहिले आणि सोबत आमच्या गणिताच्या शिक्षकांनी दिलेले एक उदाहरण पाठविले. 'य' बरोबर 'क्ष'चा वर्ग, उणे ४ क्ष, अधिक ३.९९. दोन्ही अक्ष उणे १० पासून अधिक १० पर्यंत ठेवून हा आलेख आपल्या जुन्या यंत्रावर काढ आणि तो क्ष-अक्षास किती ठिकाणी छेदतो ते कळव. मग एखाद्या मैत्रिणीच्या नव्या यंत्रावर हेच करून पाहा.

चार दिवसांनी उत्तर आले. रोमन लिपीत का होईना, मराठीत होते. 'मामाआजोबा, जुन्यावर तो एकाच ठिकाणी टेकलेला दिसतो. मैत्रिणीच्या नव्यावरसुद्धा तसाच दिसला, फक्त निळ्या रंगात. पण सूत्राने केले तर उत्तरे दोन येतात, १.९ आणि २.१. मग मी आलेख खूप मोठा करून पाहिला, तेव्हा दोन ठिकाणी छेदलेला दिसला. जुन्यावरही दिसला.'

याचे कारण सोपे आहे. तो वक्र अक्षाच्या खाली उतरतो तो अवघा एक शतांश. त्या मापात जुन्या पडद्याचा एक ठिपका सुमारे तीन दशांशांएवढा आणि नव्याचा सुमारे एक दशांशाहून किंचित मोठा. एका ठिपक्याच्या पोटात जे मावते ते पडदा दाखवू शकत नाही. पडदा कितीही बारीक केला तरी त्याहून बारीक उदाहरण रचता येतेच. कोठे मोठे करून पाहावयाचे, हे ज्याला सूत्र ठाऊक आहे त्यालाच सुचते.

त्यानंतर आम्ही निवाडा लिहिला. तो असा : घरात आलेखगणक मुळीच नसेल तर विकत घेण्याआधी शाळेकडून उसना मिळतो का ते विचारावे, कारण तिकडच्या बऱ्याच शाळा तो देतात. न मिळाल्यास नवाच घ्यावा. डोळ्यांना त्रास असेल, फिकट पडदा वाचवत नसेल, तर किमतीचा विचार न करता बदलावा. मात्र चालू स्थितीतला जुना हाताशी असताना केवळ परीक्षेसाठी बदलण्यात लाभ नाही. पुढे अभियांत्रिकीला गेल्यावर बहुतेक काम संगणकावर होते, त्यामुळे 'पुढे उपयोगी पडेल' हेही कारण टिकत नाही. आणि भाचीस वेगळे लिहिले : मुलीला लाज वाटते तिला हट्ट म्हणू नकोस. ते यंत्र तू कोणत्या दिवसांत, कसे घेतलेस, हे तिला एकदा बसून सांग.

नवा घेतला गेला नाही. अबोला सुटला, असे कळले. जुन्याच्या पाठीवर आता आईच्या नावाखाली मुलीचेही नाव लिहिले गेले आहे. अर्थात् तो आमच्या शाळेस मिळाला नाही, आणि त्याची हळहळ वाटली नाही असे म्हटल्यास ते खोटे होईल.

आमच्याकडे बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत सर्वसाधारण विद्यार्थ्यास साधा कॅल्क्युलेटरही नेता येत नाही. आम्ही शिकलो ते लॉगच्या कोष्टकांवर, आमची मुले शिकतात ती आलेखाच्या कागदावर. 'जिओजेब्रा' आणि डेस्मॉस मोबाइलवर फुकट मिळतात, पण वर्गात मोबाइल आणू देणे आम्हांस परवडणारे नाही. म्हणून गणिताच्या शिक्षकांनी तेच उदाहरण आमच्या अकरावीला कागदावर दिले. सदतीस मुलांपैकी पस्तीस जणांचा वक्र अक्षास एकाच ठिकाणी टेकला. दोन मुलींनी सूत्र लावून पाहिले आणि त्या म्हणाल्या, 'सर, कागद चुकीचे सांगतो आहे.'

ती दोन नावे आम्ही भाचीच्या मुलीस कळविली आहेत. तिने त्यांच्यासाठी एक नवे उदाहरण धाडले आहे. ते अद्याप आम्हांस सुटलेले नाही.